साधारण खात्याचा इतिहास



सुवर्णमहोत्सवी स्मरणिका म्हटली की प्रतिष्ठा महोत्सव, चातुर्मास, तपश्चर्या आणि संघयात्रा यांचे वृत्तांत यावयाचेच, आणि ते यावेत. परंतु शहरातील कुटुंबांसाठी वर्षानुवर्षे जे कार्य होत असते, त्याची नोंद कोणत्याही शिलालेखावर नसते. मुलांचे उन्हाळी शिबिर, वह्यापुस्तकांचे वाटप, साधर्मिक कुटुंबांना गुप्तपणे पोहोचणारे साहाय्य, औषधोपचाराची मदत, चैत्र-वैशाखातील पाणपोई ही सारी कामे जमाखर्चाच्या वहीत 'साधारण' या खात्यावर एका ओळीत आटोपलेली असतात. ज्याचे आयुष्य कापडाच्या तागांत आणि खतावणीच्या पानांत गेले, अशा माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधराला इतिहास शोधावयाचा तर तो वहीतच शोधावा लागणार. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका ओळीचे सविस्तर वाचन आहे.

सात क्षेत्रे आणि एक खाते

आपल्या शास्त्रकारांनी दानाची सात क्षेत्रे सांगितली आहेत : जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. वरच्या क्षेत्राचे द्रव्य खालच्या क्षेत्राकडे वळवता येत नाही. देवद्रव्य हे मूर्ती व मंदिर यांच्याच कार्यी लागावे, ही मर्यादा १९३४ मध्ये अहमदाबाद येथे भरलेल्या मुनिसंमेलनानेही अधोरेखित केली. जीवदयेची रक्कम अबोल प्राण्यांसाठीच वापरावयाची आणि अनुकंपेची रक्कम कोणत्याही जातिधर्माच्या दुःखी माणसासाठी. यांच्या जोडीला असते ते साधारण खाते. सातही क्षेत्रांत जेथे उणे पडेल तेथे ते उपयोगी येते.

हिशोबाच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक विश्वस्ताला परिचित अशी एक विसंगती येथे दिसते. पर्युषणात चौदा स्वप्नांच्या बोली उत्साहाने बोलल्या जातात, आणि ते द्रव्य देवद्रव्यात जमा होते. साधारण खात्यात मात्र जमा होते थोडे आणि खर्च पडतो तो रोजचा. काही संघांत जन्मवाचनाच्या प्रसंगी संघाचे 'मेहताजी' होण्याचा लाभ घेण्याची बोली होते व तिचे उत्पन्न साधारणात जाते. ज्या पूर्वजांनी ही प्रथा पाडली, त्यांना साधारण खात्याची नड चांगलीच उमगलेली असली पाहिजे.

मुंबईचा वारसा

नवी मुंबईतील संस्थांची मुळे खाडीपलीकडील मुंबईत आहेत. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मोठा प्रक्षोभ उसळला. त्यानंतर १८३४ मध्ये भुलेश्वर येथे पांजरापोळ स्थापन झाला. त्याच्या स्थापनेत शेठ मोतीशाह म्हणजेच मोतीचंद अमीचंद आणि पारशी समाजाचे सर जमशेटजी जीजीभाई हे दोघे एकत्र आले होते. शहरातील आपल्या सेवाकार्याचा हा आरंभच दोन समाजांच्या सहकार्याने झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे शहरात येणाऱ्या तरुणांचा प्रश्न उभा राहिला. गावाकडून शिक्षणासाठी आलेल्या मुलाने राहावे कोठे, आणि शुद्ध आहार मिळवावा कोठे? मोत्यांचे व्यापारी शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी १९०० मध्ये वडिलांच्या नावाने मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळाही त्यांचीच देणगी. त्यांच्या कन्या मगनबाई यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत श्राविकाश्रम उभारून विधवा व निराधार भगिनींना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. १९१४ मध्ये आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. तिकडे दक्षिण महाराष्ट्रात १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने शिक्षणप्रसाराचे कार्य हाती घेतले, आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे पूज्य समंतभद्र महाराजांनी गुरुकुल उभे केले.

पंथ आणि प्रांत वेगवेगळे होते, खात्यांची नावेही वेगवेगळी असतील. पण या सर्वांनी मंदिराच्या उंबरठ्याबाहेरच्या माणसासाठी द्रव्य वेगळे काढले. वर सांगितलेल्या साधारण खात्याचा आशय याहून निराळा नाही.

आजोळ हेच पहिले शिबिर

या जुन्या संस्थांत वसतिगृहे आहेत, धर्मशाळा आहेत, आश्रम आहेत. उन्हाळी शिबिर मात्र नाही. याचे कारण साधे आहे. त्या काळी त्याची आवश्यकताच नव्हती.

पाश्चात्त्य देशांत मोठी शहरे वाढली तेव्हा तेथील मुलांची उन्हाळ्यात काय व्यवस्था करावी, हा प्रश्न लवकर उभा राहिला. न्यू यॉर्कच्या दाट वस्तीतील मुलांना उन्हाळ्यात खेड्यांतील घरी पाठविण्याचे कार्य 'फ्रेश एअर फंड' या नावाने १८७७ मध्ये सुरू झाले, आणि लंडनमध्ये तशाच हेतूने १८८४ मध्ये निधी उभारला गेला. मुंबईच्या मुलांना त्यासाठी निधीची गरज पडली नाही. परीक्षा संपली की कच्छ, गुजरात, मारवाड, कोकण आणि देशावरच्या गाड्या भरून वाहत, आणि आई मुलांना घेऊन आजोळी जाई. वडील मात्र मागे राहत. आमच्या कापडधंद्यात तर अक्षय्य तृतीया आणि वैशाख-ज्येष्ठाची लग्नसराई हाच वर्षाचा कमाईचा काळ! दुकानात गिऱ्हाइकांची रांग असताना मालकाने गावी जावे कसे?

आजोळी आमराई होती, विहीर होती आणि आजी होती. पहाटे तिच्या मांडीवर नवकार पाठ होई, सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सवय लागे, सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसता येई. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होताना पाहून भगवान ऋषभदेव आणि श्रेयांसकुमार यांची कथा मुलांना न शिकवता समजे. आजोळ ही पाठशाळा होती, आणि तिचा खर्च कोणत्याही खात्यावर पडत नव्हता.

पुढे काळ पालटला. गावचे घर बंद झाले, आजी-आजोबा मुलाकडे शहरात राहावयास आले. मुलाचे आजोळ दोन स्थानकांवर आले, आणि तेथेही दोन खोल्यांची सदनिका! बंद झालेल्या त्या घराची जागा भरून काढणे, हेच उन्हाळी शिबिराचे खरे प्रयोजन होय.

शिबिरांची परंपरा

महाराष्ट्राला शिबिर ही कल्पना नवी नव्हती. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिरांतून तरुणांच्या पिढ्या घडविल्या. आपल्या समाजात पूज्य आचार्य श्री विजय भुवनभानुसूरीश्वरजी महाराजांचा तरुणांच्या धार्मिक शिक्षण शिबिरांचे आद्य प्रवर्तक म्हणून आदराने उल्लेख केला जातो. शाळा-महाविद्यालयातील तरुण सुट्टीत मोकळा असतो, त्याच काळात त्याला धर्माचे कारणासह विवेचन द्यावे, ही त्यांची दृष्टी होती. जयपूर येथील पंडित टोडरमल स्मारक ट्रस्टने उन्हाळ्यात शिक्षकांनाच प्रशिक्षण देणारी शिबिरे चालविली, जेणेकरून प्रत्येक गावच्या पाठशाळेला शिकविणारा मिळावा. दक्षिण महाराष्ट्रात वीर सेवा दलाने पाठशाळांचे जाळे विणले.

शिबिरातून आणि पाठशाळेतून तयार झालेले हात समाजाच्या संकटात कसे उपयोगी पडतात, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. मुलांना घेताना त्यांची जात कोणी विचारली नाही.

नव्या शहरातील जुनी गरज

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरात सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर नवे शहर आखले गेले. ज्या आगरी-कोळी बांधवांच्या शेतीवर व मिठागरांवर हे शहर उभे आहे, ते आपले पहिले शेजारी, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला. दाणाबंदर-मशीद बंदरचा धान्यव्यापार टप्प्याटप्प्याने वाशीस आला. १९९६ मध्ये फळे व भाजीपाला यांचे घाऊक बाजारही आले. व्यापाऱ्यांपाठोपाठ मेहताजी, दलाल, गुमास्ते आले. माल वाहणारे माथाडी बांधवही आले. १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू झाला. २००४ मध्ये ठाण्याहून लोकल येऊ लागली.

जुन्या मुंबईत वाडी होती, चाळ होती, शेजारी गावचाच माणूस होता. नव्या शहरात सेक्टर आला, इमारतीला क्रमांक आला, आणि समोरच्या दारातील कुटुंबाचे आडनाव पाटीवरून कळू लागले. वडील पहाटे बाजारात किंवा पहिल्या लोकलने पलीकडे, आई घरात एकटी, सुट्टीत मुले दूरचित्रवाणीसमोर. अशा वेळी सदनिकेतील घरदेरासर आणि भाड्याच्या सभागृहातील पाठशाळा यांनी या कुटुंबांना एकत्र बांधले. कच्छी, मारवाडी, गुजराती, दक्षिणी अशा वेगवेगळ्या बोलींच्या घरांतील मुले शिबिराच्या पंगतीत प्रथम शेजारी बसली. त्यांच्या मातांची ओळख मुलांना सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने झाली. अनेक महिला मंडळांचा, रक्तदान शिबिरांचा आणि जुनी पाठ्यपुस्तके गोळा करून वाटण्याच्या उपक्रमांचा उगम त्या दारातल्या गप्पांत आहे.

खर्चाची बाजू

शिबिराचा खर्च आहे तरी किती मोठा? सकाळचा अल्पोपहार, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, उकाळलेले पाणी, शिक्षकांचे मानधन, चित्रकला व योगाचे साहित्य, बसभाडे, बक्षिसे. रक्कम डोंगराएवढी नसते. ती अवेळी लागते, ही खरी अडचण. संघाची मुख्य आवक भाद्रपदात आणि शिबिर वैशाखात. मधल्या आठ महिन्यांत साधारण खात्यातून पगार, वीज आणि दुरुस्ती भागवता भागवता एप्रिलमध्ये शिल्लक उरते ती नावापुरती. मग एखादा दाता शोधावा लागतो. तो मिळाला तर शिबिर दहा दिवसांचे, नाही तर पाच दिवसांचे. शिवाय केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होत असल्याने तेथील मुलांच्या वाट्याला मे महिनाच उरतो. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने शिबिरे थांबली आणि पाठशाळा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेली. सूत्रे पाठ झाली, पण पंगत झाली नाही. पंगतीचे मोल तेव्हा सर्वांना उमगले.

कुटुंबसेवेची दुसरी बाजू माहितीची आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. आपल्या राज्यातील सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले जातात. त्याच कायद्याच्या चौकटीत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. हे ज्याला ठाऊक नसते, तो गरजू माणूस दागिने गहाण टाकतो. कागदपत्रे जुळविण्यास मदत करणारा एक जाणकार कार्यकर्ता रुग्णाच्या कुटुंबाला लाखमोलाचा ठरतो.

पुढील पन्नास वर्षांसाठी

देवद्रव्याच्या शास्त्रीय मर्यादेत तिळमात्र बदल सुचविण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. सुवर्णमहोत्सवाच्या शुभप्रसंगी तीन नम्र सूचना मात्र कराव्याशा वाटतात.

पहिली, साधारण खात्याचा कायमी निधी उभारावा. मूळ रक्कम अबाधित ठेवून केवळ व्याजातून दरवर्षी शिबिर व्हावे. घरातील विवाह, नव्या दुकानाचे मुहूर्त, आई-वडिलांची पुण्यतिथी अशा प्रसंगी त्यात यथाशक्ती भर घालण्याची प्रथा पडावी. लग्नसराईत कमावणाऱ्या आम्हा कापडव्यापाऱ्यांनी तर वैशाखाच्या विक्रीतून एक दिवस त्यासाठी काढावा. शिबिराच्या काळात आमची मुले तेथे सांभाळली जातात, म्हणूनच आम्ही निश्चिंत मनाने गल्ल्यावर बसू शकतो.

दुसरी, शिबिरातील चित्रकला, योग आणि आरोग्यतपासणी यांचे एक सत्र अनुकंपा खात्यातून शेजारच्या वस्तीतील मुलांसाठीही खुले ठेवावे. बाजारात आमचा माल ज्यांच्या पाठीवरून उतरतो, त्यांच्या मुलांपैकी ज्यांना सुट्टीत गाव गाठणे परवडत नाही, त्यांनाही आजोळाची सावली मिळावी. पांजरापोळाचा पाया घालताना आपल्या पूर्वजांनी केवळ आपल्यापुरते पाहिले नव्हते.

तिसरी, ज्येष्ठांना शिबिरात सामावून घ्यावे. गावचे घर सोडून आलेले आजी-आजोबा आज या शहरात दुपारभर एकटे असतात. त्यांच्याकडे कथा आहेत, स्तवने आहेत, आणि ऐकणारे कान मात्र नाहीत. रोज एक तास त्यांचा असावा. आजोळ गेले म्हणून शिबिर आले, आणि आजी तर आपल्याच इमारतीत बसली आहे!

मंदिराच्या शिखरावरील ध्वजा दरवर्षी नवी चढते आणि ती दुरूनही दिसते. साधारण खात्यावर मात्र ध्वजा नाही. ते ज्या वर्षी रिकामे राहील, त्या वर्षी काही मुलांच्या सुट्टीत नवकाराचा स्वर उमटणार नाही, आणि ते कोणाला दुरून दिसणारही नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या आनंदात ती एक ओळ आपण सर्वांनी मिळून भरभक्कम करावी, हीच शासनदेवांच्या चरणी प्रार्थना.