कारभाऱ्यांची शाळा

विद्यार्थ्याला विद्या शिकवावी लागते हे सर्वमान्य आहे; परंतु संशोधन करणाऱ्या विद्वानांवर देखरेख ठेवणाऱ्यासही देखरेखीची विद्या शिकावी लागते, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांच्या दप्तरी फार उशिरा नोंदली गेली. एकोणिसाव्या शतकातील मुंबई विद्यापीठात कुलगुरुपद हा न्यायमूर्तीने अथवा एखाद्या बड्या अंमलदाराने फावल्या वेळात सांभाळावयाचा मान होता, आणि १८९२ साली त्या पदावर आलेले पहिले हिंदी गृहस्थ काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही हायकोर्टाचे न्यायमूर्तीच होते. विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेई, पदव्या वाटी, आणि अध्यापनाचा सारा भार महाविद्यालयांवर सोडी. पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र संसार जवळजवळ नव्हताच, तेव्हा तो चालविणाऱ्याच्या तालमीची चिंता कोणी करावी?

दिल्लीतही प्रारंभ याच शिरस्त्याने झाला. १९२२ साली सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस या तीन महाविद्यालयांच्या जोरावर विद्यापीठ उभे राहिले, हरिसिंग गौर हे नामांकित कायदेपंडित त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि १९३३ साली सरकारने रिजवरील जुना व्हाइसरॉय-निवास विद्यापीठाच्या स्वाधीन केला. १९३८ साली कुलगुरू म्हणून आलेले सर मॉरिस ग्वायर हे फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश, म्हणजे पुन्हा न्यायासनावरचेच, परंतु या गृहस्थाला माणसे ओळखण्याची विलक्षण दृष्टी होती. अर्थशास्त्रासाठी व्ही. के. आर. व्ही. राव, रसायनासाठी शेषाद्री, वनस्पतिशास्त्रासाठी माहेश्वरी अशी माणसे आणून त्यांनी पदव्युत्तर विभागांचा पाया घातला. ही विद्या त्यांना कोणी शिकविली नव्हती, आणि त्यांनीही ती कोणास शिकविली नाही. त्यांच्यामागून येणाऱ्याने ती आपल्या नशिबाने मिळवावी, असाच प्रघात पडला. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली कुलगुरू पूर्णवेळ आणि सवेतन असावा असे सुचविले खरे, पण त्या पूर्णवेळ माणसाने कारभाराचे धडे कोठे गिरवावेत, हा प्रश्न तसाच राहिला.

या ठिकाणी चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झालेला हा मुत्सद्दी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला. पुढे १९६२ ते १९६७ या काळात तो दिल्ली विद्यापीठाचा कुलगुरू होता. अनुदानाची थैली ज्याच्या हाती होती, तोच आता त्या थैलीसमोर अर्ज घेऊन उभा राहिला, असा हा योग. देशमुखांचे मूळ शिक्षण मात्र निराळेच होते. मध्य प्रांतात जमाबंदीचे काम करताना तरुण सनदी अधिकाऱ्यास सरकार गावोगाव हिंडवी, खातेवार परीक्षा घेई, वरिष्ठांच्या नजरेखाली दप्तर लिहावयास लावी, आणि मगच जिल्ह्याचा भार सोपवी. शेतसारा ठरविणाऱ्यासाठी इतकी तयारी, आणि शेकडो संशोधकांच्या आयुष्याची दिशा ठरविणाऱ्या अधिष्ठात्यासाठी काहीच नाही! तीस वर्षे उत्तम अध्यापन केलेल्या प्राध्यापकास एका सोमवारी नेमणुकीचा हुकूम मिळावा आणि मंगळवारी त्याने प्रबंधांच्या तक्रारी, शिष्यवृत्त्यांची थकबाकी आणि मार्गदर्शकांचे रुसवेफुगवे निस्तरावेत, हे पोहणे न शिकविता विहिरीत ढकलण्यासारखे आहे.

देशमुख कुलगुरू झाले त्याच १९६२ साली युनेस्को आणि भारत सरकार यांच्या करारान्वये दिल्लीत शिक्षणाच्या नियोजकांसाठी व प्रशासकांसाठी आशियाई केंद्र सुरू झाले. त्याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेतील विद्यापीठांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या कारभारासाठी आपली स्वतंत्र परिषद स्थापिली होती; तिकडे पदव्युत्तर अधिष्ठाता हा एक जबाबदारीचा हुद्दा आहे हे आधीच ओळखले गेले होते. दिल्लीच्या केंद्राची नजर मात्र प्रामुख्याने शालेय खात्यांकडे होती, आणि देशाची तेव्हाची निकड पाहता त्याला दोष देता येत नाही. कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालाने शिक्षण-प्रशासकांसाठी राष्ट्रीय स्टाफ कॉलेज काढण्याची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. अहवालाचा प्रचंड पसारा सांभाळणाऱ्या या कर्मयोग्याचा कल नेहमीच तळातल्या शिक्षणाकडे राहिला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठ या ग्रामीण शिक्षणसंस्थेशी त्याचे नाते पाहिले म्हणजे ते स्वाभाविकही वाटते. १९७० साली ते कॉलेज निघाले, १९७९ साली त्याला ‘नीपा’ हे नाव मिळाले आणि २००६ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा. अरविंद मार्गावरच्या या संस्थेने जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांसाठी दीर्घ पदविका चालविल्या; विद्यापीठाच्या वरिष्ठांसाठी मात्र थोड्या दिवसांच्या सभा-शिबिरांवर भागत राहिले.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उघडली. तेथल्या चार आठवड्यांच्या उद्बोधन वर्गाला आणि तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला बढतीची गाठ मारून दिल्यामुळे हजेरीपत्रके भरली, जिज्ञासा भरलीच असे म्हणवत नाही. पुढे २०१५ साली या कॉलेजांचे नाव बदलले, २०२३ साली पुन्हा बदलले. नामकरणात दिल्लीचा उत्साह कधी कमी पडलेला नाही.

दरम्यान नियमावल्या मात्र एकामागून एक निघाल्या. पीएच.डी.साठी २००९ साली एक, २०१६ साली दुसरी, २०२२ साली तिसरी. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा, सहायक प्राध्यापकाने चार संशोधक घ्यावेत, हे ठरले. त्या आठांना वाट कशी दाखवावी आणि वाट चुकलेल्या मार्गदर्शकाला विभागाने कसे सावरावे, हे कोणत्या कलमात बसणार? २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशनाच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा झाला. शिष्याला नीती सक्तीची आणि गुरूला ऐच्छिक, असा हा न्याय आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात प्रकाश जावडेकर मनुष्यबळ विकास मंत्री असताना ‘लीप’ हा कार्यक्रम निघाला. विद्यापीठातील दुसऱ्या फळीच्या अधिकाऱ्यांसाठी तीन आठवडे, त्यांतील दोन देशात आणि एक परदेशी विद्यापीठात. दुसरी फळी घडवावी हा विचार उत्तम होता, आणि सव्वाशे वर्षांच्या दिरंगाईनंतर तीन आठवडेही मी कमी लेखीत नाही. मात्र पदव्युत्तर विभागाचा कारभार हा वर्षानुवर्षे चालणारा मामला आहे. प्रबंधाला जितका काळ लागतो, निदान तितक्या काळापर्यंत कोणीतरी जाणते या अधिकाऱ्याच्या पाठीशी असावयास हवे.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने अधिष्ठाता पूर्णवेळ आणि पगारी केला आहे. दिल्लीच्या फर्मानाची वाट न पाहता आपल्या विद्यापीठांनी त्याच्या नेमणुकीचे पहिले वर्ष शिकण्यासाठी राखून ठेवावे, निवृत्त अधिष्ठात्यांना त्याच्या शेजारी बसवावे, आणि ही तरतूद परिनियमात लिहून टाकावी.