संवाद, नोंद आणि ‘प्रकरण’ : ग्रंथित संभाषणांच्या वाचनाविषयी काही विचार

आधुनिक समाजाला घडविणाऱ्या कल्पनांचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांच्या आधारे लिहितो. परंतु यांतील काही कल्पना अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या त्या संभाषणांच्या नोंदींतून. लेखक वा विचारवंत बोलला, दुसऱ्या कोणी ते टिपून घेतले, तिसऱ्याच कोणी ते छापले, आणि छापलेले वाक्य मूळ वक्त्याच्या नावावर रूढ झाले. तौलनिक साहित्याभ्यासाला तर या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. कारण या विद्याशाखेचे सर्वाधिक उद्धृत होणारे आद्यवचन अशाच एका संभाषणातून आलेले आहे.

३१ जानेवारी १८२७ रोजी वायमार येथे जेवणाच्या प्रसंगी गटे आणि योहान पेटर एकरमान यांच्यात जे बोलणे झाले, ते हे संभाषण होय. गटे तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते, एकरमान चौतिशीतले. राष्ट्रीय साहित्याला आता फारसा अर्थ उरला नसून विश्वसाहित्याचे युग येऊ घातले आहे, हा त्यातील आशय प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. ठाऊक नसते ते त्याच्या मागचे आणि पुढचे. गटे त्या दिवसांत एक चिनी कादंबरी वाचत होते. ती वाचताना परकेपणा जाणवत नाही, तिच्यातील माणसे आपल्यासारखाच विचार करतात व तिच्यातील नैतिक संयम विलक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्या संयमाच्या विरोधात त्यांनी उभी केली ती बेरांजे या फ्रेंच कवीची गीते. विश्वसाहित्याचा उद्गार आला तो या तुलनेनंतर. त्याला लागूनच त्यांनी असेही सांगितले की, आदर्श म्हणून पाहायचे झाल्यास चिनी, सर्बियन वा अन्य कशाकडे न वळता प्राचीन ग्रीकांकडेच परतावे लागेल. आपल्या क्रमिक उताऱ्यांतून हा उत्तरार्ध सहसा गळतो. गटे यांचा विश्वसाहित्याचा विचार जितका सर्वसमावेशक मानला जातो तितका तो या प्रसंगी नव्हता, हे मग लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे तो उतारा पहिल्या वाक्यापुरताच शिकविला, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसरा प्रश्न नोंदकर्त्याचा. एकरमानच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १८३६ मध्ये, म्हणजे गटे यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी प्रसिद्ध झाले. तिसरा १८४८ मध्ये, आणि त्यात फ्रेदेरिक सोरे यांच्या टिपणांचाही आधार घेतलेला होता. एकरमानने जागच्या जागी शब्दशः टिपून घेतले नव्हते. रोजनिशीतील त्रोटक नोंदींवरून त्याने अनेक संभाषणे पुढे रचली, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. ‘विश्वसाहित्य’ हा शब्द गटे यांनी त्याच वर्षी स्वतःच्या नियतकालिकातही छापला असल्यामुळे संज्ञेच्या कर्तृत्वाविषयी शंका उरत नाही. मात्र ज्या डौलदार वाक्यरचनेत आपण तो विचार मुखोद्गत केला आहे, ती कितपत गटे यांची आणि कितपत एकरमानची, हे सांगणे कठीण आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते अशांना गाठून, विचारून. आणि जमविलेल्या लीळा नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. मूळ पोथी पुढे धामधुमीत नष्ट झाली असे परंपरा सांगते. तिची पुनर्रचना करताना निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळेनात, तेव्हा संप्रदायाने त्यांतली एक खरी ठरवून बाकीच्या पुसून टाकल्या नाहीत. भिन्न पाठ ज्याच्या त्याच्या नावानिशी राखले. अशा पाठाला ‘वासना’ हा स्वतंत्र शब्दच तेथे आहे. केशोबासांनी या लीळांतून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ तयार केला. वचन सुटे झाले की त्याला सिद्धान्ताचे तेज येते, पण ते कोणाला, कोठे, कशावरून म्हटले गेले हे हरवते. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणारी ‘प्रकरणवश’ नावाची रचना संप्रदायात निर्माण झाली. आधुनिक मुलाखतीच्या वा संभाषणाच्या समीक्षेला जे हवे आहे त्याची दोन्ही उपकरणे, म्हणजे नामनिशाणीसह पाठभेद आणि वचनाचे प्रकरण, येथे तयार आहेत. ती केवळ सांप्रदायिक वाङ्मयाच्या कपाटात पडून राहावीत याला काही कारण नाही.

ही उपकरणे विसाव्या शतकातील एका विख्यात संभाषणाला लावून पाहू. १९०७ मध्ये कलकत्त्यात ‘विश्वसाहित्य’ याच विषयावर व्याख्यान देणारे रवीन्द्रनाथ टागोर १४ जुलै १९३० रोजी पोट्सडॅमजवळच्या कापुट येथील घरी आल्बर्ट आइन्स्टाइन यांना भेटले. सत्य माणसावाचून असू शकते काय, हा वादाचा मुद्दा होता. सौंदर्य मानवसापेक्ष आहे हे आइन्स्टाइन यांनी मान्य केले. सत्याबाबत मात्र नाही. घरात कोणी नसले तरी टेबल जागेवर असतेच, असे ते म्हणाले. हे सिद्ध करता येत नाही, ही आपली श्रद्धा आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. टागोरांचे उत्तर असे की, कागद खाणाऱ्या किड्याच्या लेखी साहित्य अस्तित्वातच नसते. सत्य म्हणून जे काही आहे ते मानवी मनाशी नाते असलेलेच असणार.

आता या संभाषणाच्या ‘वासना’ पाहा. आइन्स्टाइन जर्मन बोलत, टागोर इंग्रजी. म्हणजे मध्ये दुभाषा होता. आइन्स्टाइन यांच्या सावत्र मुलीचे पती दिमित्री मारियानॉफ यांनी सिद्ध केलेला वृत्तान्त १० ऑगस्ट १९३० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या पुरवणीत आला. जानेवारी १९३१ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त ते छापले गेले, आणि त्याच वर्षी टागोरांच्या ‘द रिलिजन ऑफ मॅन’ या ग्रंथाचे परिशिष्ट झाले. हे पाठ शब्दशः जुळत नाहीत. स्वतः आइन्स्टाइन यांनी ऑक्टोबर १९३० मध्ये रोमां रोलां यांना लिहिलेल्या पत्रात, परस्परांचे बोलणे नीट न पोहोचल्यामुळे हे संभाषण फसले आणि ते प्रसिद्ध व्हायला नको होते, असा अभिप्राय दिला आहे. तरीही त्यावर पुढे मोठ्या तात्त्विक इमारती उभ्या राहिल्या. अमर्त्य सेन यांनी १९९७ च्या आपल्या टागोरविषयक निबंधात टागोरांच्या भूमिकेचे नाते हिलरी पुटनम यांच्या विचाराशी जोडले. ते जोडणे उद्बोधक आहेच. परंतु पुटनम यांच्याशी तुलना करायची ती टागोरांच्या कोणत्या पाठाची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

‘प्रकरण’ पाहिले तर दोघेही त्या दिवशी एकमेकांशी जितके बोलत होते तितकेच गैरहजर श्रोत्यांशीही बोलत होते, असे मला वाटते. टागोर त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऑक्सफर्डला हिबर्ट व्याख्याने देऊन आले होते. कापुट येथील त्यांची उत्तरे त्या व्याख्यानांच्या विचारसूत्राशी निगडित आहेत. आइन्स्टाइन यांच्या मागे होता तो १९२७ नंतर पेटलेला पुंजभौतिकीतील वाद. निरीक्षकावाचून वास्तवाला अर्थ नाही असे सुचविणाऱ्या तरुण भौतिकशास्त्रज्ञांना ते जे ऐकवीत होते, तेच त्यांनी बंगाली कवीलाही ऐकविले. पौर्वात्य गूढवाद विरुद्ध पाश्चात्त्य विज्ञान अशी जी मांडणी या भेटीची हौसेने केली जाते, ती या प्रकरणापुढे टिकत नाही. आइन्स्टाइन यांचे खरे प्रतिपक्षी युरोपातील प्रयोगशाळांतच होते.

दोघांची आणखी एक भेट १९ ऑगस्ट १९३० रोजी बर्लिनला झाली. तिचा आरंभ यदृच्छा आणि कार्यकारणभाव यांपासून होतो, पण बोलणे लवकरच संगीताकडे वळते. येथे सूर निराळा आहे. आइन्स्टाइन छोटे छोटे प्रश्न विचारतात : गाण्याचे शब्दही मोकळे असतात काय, गायकाला स्वातंत्र्य कितपत, ताल किती काटेकोर. टागोर सविस्तर सांगतात. पूर्वेचे असो वा पश्चिमेचे, खरोखर चांगल्या संगीताचे पृथक्करण करता येत नाही, यावर दोघे येऊन थांबतात. पहिल्या भेटीत जे जमले नाही ते येथे जमलेले दिसते. आणि दुभाषा तर याही वेळी लागलाच असणार. हा दुसरा वृत्तान्त माझ्या वर्गाच्या वाचनात आजवर नव्हता. यंदा तो मारियानॉफ यांचा पाठ, टागोरांचे परिशिष्ट आणि रोलां यांना लिहिलेले पत्र यांच्या शेजारी ठेवला आहे. आसामी, तमिळ, हिंदी बोलणाऱ्या त्या वर्गात ‘प्रकरण’ हा मराठी पोथ्यांतला शब्द भाषांतर न करता तसाच वापरला जातो.