रात्रीची क्वार्टर सकाळी गाडीवरही असते

दारू पिऊन गाडी चालवणारा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर झोकांड्या खाणारा माणूस येतो. कायदा मात्र चाल बघत नाही, रक्त बघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा.

आता आपल्याकडचा हिशोब बघू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. विदेशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे आत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ किलोच्या माणसानं ती एका बैठकीत संपवली तर रक्तातलं प्रमाण ढोबळमानानं १५० च्या आसपास जातं, मर्यादेच्या पाचपट. उतरतं मात्र तासाला साधारण १५. रात्री अकराला बैठक मोडून पहाटे पाचला डेअरीवर दूध घालायला निघालेला माणूस अजून मर्यादेच्या दुप्पट असू शकतो. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यानं झोप जाते, दारू नाही. (हातभट्टीचा हिशोब इथं मांडता येत नाही, तिच्यात किती आहे ते काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.)

आठवडी बाजाराच्या दिवशी एकदम पिणारा लगेच ओळखू येतो, चार लोक त्याची चावी काढून घेतात. रोजचा पिणारा फसवतो. त्याला सवय झालेली असते, बोलणं सरळ, चाल सरळ, आणि "मला चढत नाही" हे वाक्य ठरलेलं. पण ब्रेक दाबायला लागणारा वेळ आणि अंतराचा अंदाज बिघडलेलाच असतो. ताशी ५० च्या वेगानं मोटारसायकल सेकंदाला १४ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे सात मीटर. पुढं रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असली तर सात मीटर खूप झाले. त्यात पिलेला माणूस हेल्मेट हँडललाच अडकवून ठेवतो.

पहिल्यांदा सापडलं तर १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५ हजार दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मोठं नुकसान घरच्यांचं होतं, आणि ते पुष्कळांना माहितीच नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख मिळतात, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. पण नशेत असताना झालेला अपघात या योजनेत बसत नाही. शवविच्छेदनावेळी व्हिसेरा राखून ठेवला आणि तपासणीत अल्कोहोल निघालं, की सातबारा, वारस नोंद, पंचनामा सगळं जोडलेलं असूनही प्रस्ताव नामंजूर होऊ शकतो. गाडीच्या विम्यातल्या वैयक्तिक अपघात संरक्षणालाही हीच अट असते.