दागोन : धान्याचा की माशाचा?

मराठी बायबलमध्ये ‘दागोन’ म्हणून येणारा पलिष्ट्यांचा देव मुळात फरात नदीच्या मधल्या खोऱ्यातला असून, तुत्तुल आणि तेर्का या नगरांत ‘दगन’ या नावाने त्याची मंदिरे होती. हिब्रूत ‘दागान’ म्हणजे धान्य आणि ‘दाग’ म्हणजे मासा. पुढचा सगळा घोळ या उच्चारसाम्याने घातला. बायबलमधल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, अश्दोदच्या मंदिरात कराराच्या कोशापुढे, म्हणजे इस्राएलांच्या पवित्र पेटीपुढे, दागोनाची मूर्ती पालथी पडते, तिचे डोके व हात तुटून उंबरठ्यावर पडतात आणि मागे नुसता ‘दागोन’ उरतो, अशी कोड्यात टाकणारी शब्दयोजना आहे. उरलेले धड माशाचे असणार, असा तर्क मध्ययुगीन ज्यू भाष्यकारांनी लढवला आणि मिल्टनच्या महाकाव्याने (१६६७) तो इंग्रजी वाचकांच्या मनात पक्का केला. हाच मत्स्यदेव भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९१७ साली लिहिलेल्या ‘डेगन’ या कथेत पॅसिफिकच्या वर उचलल्या गेलेल्या तळाशी जोडला गेला, आणि विश्वापुढे माणूस कस्पटासमान ठरवणाऱ्या वैश्विक भयकथेला तो चांगलाच मानवला (गव्हाच्या ओंबीला कोण घाबरणार?). धान्याची व्युत्पत्तीही आज सर्वमान्य नाही; माशाची मात्र निव्वळ लोकव्युत्पत्तीच आहे.