सामरीची वाट पनवेलवरून

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या पनवेलात अजूनही कित्येक घरी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतात. फट् असा आवाज होतो, नरकासुर मरतो, आणि पुढच्या वर्षी त्याच पहाटे पुन्हा मरावयास हजर राहतो. राक्षस मारावा, पण कायमचा मारू नये, ही युक्ती आपल्या आजीबाईंना फार पूर्वीपासून ठाऊक होती. सिनेमावाल्यांना ती बरीच उशिरा उमगली, एवढेच.

1984 साली गावात ‘पुराना मंदिर’ या बोलपटाची जाहिरात आली, तेव्हाचे मला पक्के आठवते. भित्तिपत्रकावर एक उंचच उंच, लाल डोळ्यांचा इसम उभा होता. वडिलांनी एकदाच पाहिले आणि बजावले, “असले भिकार चित्र पाहायचे नाही.” अर्थात आम्ही मावसभावाबरोबर गेलो. खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो. खाली काय असेल याचा नेम नव्हता! घरी आल्यावर परसदारी जाण्याची वेळ आली तेव्हा वडिलांना उठवावे लागले, आणि गुपित फुटले. वडील कंदील धरून उभे राहिले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “कसा होता?”

त्या ‘कसा होता’चे उत्तर मी इतक्या वर्षांनी देत आहे.

हे चित्र काढणारे रॅमसे बंधू. आडनाव इंग्रजी, माणसे अस्सल सिंधी. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘रॅमसे’ झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओ विकू लागले आणि हळूहळू सिनेमाच्या नादास लागले. मुलगे सात : कुमार, तुलसी, श्याम, केशू, अर्जुन, गंगू आणि किरण. 1970 मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. पृथ्वीराज कपूरांसारखा नट असूनही तो पडला. परंतु थिएटरात बसलेल्या तुलसी आणि श्याम यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पृथ्वीराज भयानक मुखवटा चढवून चोरीस निघतात तो प्रसंग आला की पेंगुळलेले थिएटर ताठ होई, आणि तो संपला की लोक पुन्हा सैल पडत. मुलांनी वडिलांना गळ घातली की, सगळे चित्रच त्या प्रसंगासारखे का काढू नये?

त्यातून 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ निघाला. चित्रण महाबळेश्वरास झाले. त्याची हकीकत तुलसी पुढे मुलाखतींतून सांगत, ती एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखी आहे. एका बसमध्ये घरची मंडळी, मोजके नट आणि सामान भरले. विश्रामगृहात बिऱ्हाड मांडले. चाळीसेक दिवसांत काम आटोपले आणि खर्च आला साडेतीन लाखांच्या आसपास. एक भाऊ लिही, दोघे दिग्दर्शन करीत, गंगू कॅमेरा धरी, किरण आवाज सांभाळी, अर्जुन फिल्म कापी. पगार द्यायचा तो घरातल्या घरात, आणि रुसवाफुगवा झालाच तर तोही घरातल्या घरात.

आता महाबळेश्वरास जाणारी बस पोलादपूरवरून जावो की पुण्यावरून, तिला पनवेल चुकत नाही. त्या काळी तर वाशीचा पूलही व्हायचा होता. मोटारी ठाणे-मुंब्र्यावरून वळसा घालून इकडे येत. ‘पुराना मंदिर’ची हवेली म्हणजे मुरूडचा नबाबाचा वाडा. समुद्रावरच्या टेकडीवर तो आजही उभा आहे, आणि मोटारीने तिकडे जाणारी वाटही आमच्याच नाक्यावरून फुटते. म्हणजे ज्या भुताने मला परसदारी जाऊ दिले नाही, ते आमच्या गावावरूनच गेले असणार, कदाचित चहादेखील पिऊन!

ते भूत म्हणजे सामरी. राजाने त्याचा शिरच्छेद करविला. धड एकीकडे पुरले, शिर हवेलीतल्या पेटीत कुलूपबंद केले. मरता मरता त्याने शाप दिला की, राजघराण्यातली स्त्री बाळंतपणात दगावेल. दोनशे वर्षांनी धडशिर एक होते आणि मग धुमाकूळ. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीचे शिकलेले स्थापत्य अभियंते होते. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की रंगभूषाकाराचे निम्मे काम देवानेच करून ठेवले होते.

कोकणातल्या माणसाला हे भूत जरा परके वाटते. आपला मुंजा पिंपळ सोडीत नाही, देवचाराला विडी ठेवली की तो वाट दाखवितो, वेताळाची पालखी ठरल्या तिथीलाच निघते. आपल्या भुतांना हद्द आहे, रीत आहे. त्यांच्याशी बोलणी होऊ शकतात. सामरीशी बोलणी होत नाहीत. तो वाड्याचा आहे, गावाचा नाही. कदाचित गाव सोडून आलेल्या, कराचीचे घर कायमचे मागे टाकलेल्या माणसांना भूत सुचले ते असेच सुचले असेल. हा माझा तर्क. रॅमसे तसे कोठे म्हणालेले नाहीत.

वाड्यातली ही काळोखी सावली मुंबईच्या पडद्यावर आणणारा माणूस मात्र जर्मन होता. म्युनिकला 1903 मध्ये जन्मलेले योझेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये छायालेखक होते. महायुद्धात इंग्रजांनी त्यांना नजरकैदेत ठेवले. सुटल्यावर ते येथेच राहिले आणि 1949 चा ‘महल’ त्यांनीच चित्रित केला. जर्मनीत मूकपटांच्या काळी ‘नोस्फेराटू’सारख्या चित्रांनी भिंतीवरच्या सावलीला नट बनविले होते, ती विद्या ‘महल’मध्ये दिसते. ‘महल’मध्ये भूत खरे निघत नाही. रॅमसे बंधूंनी ते खरे करून दाखविले, आणि शहाण्यांच्या लेखी तेथेच त्यांची पत गेली.

गंमत अशी की, त्याच जर्मनीत पुढे तरुण पोरे घरगुती कॅमेऱ्यावर, शनिवार-रविवारी मित्र जमवून, रक्तामांसाचे भयपट काढू लागली. आंद्रेआस श्नास यांच्या 1989 च्या चित्राचे नाव दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. त्याचेही पुढले भाग निघाले. योर्ग बुटगेराइट यांचा ‘नेक्रोमान्टिक 2’ तर 1991 मध्ये विर्शिंगच्याच म्युनिकमध्ये पोलिसांनी जप्त केला. दोन वर्षांनी निर्णय लागला की, ही कलाकृती आहे. ती चित्रे घरच्या मंडळींनी पाहावीत असे मी मुळीच म्हणणार नाही. मला स्वतःला ती सोसत नाहीत. परंतु तेथे निदान कला की कचरा यावर गंभीरपणे खल झाला. रॅमसे बंधूंच्या वाट्याला आपल्याकडे केवळ कुचेष्टा आली. वितरकांनी पैसे मोजले, लहान गावांतली थिएटरे भरली, आणि समीक्षकांनी नाक मुरडले.

‘पुराना मंदिर’ चालला तसा 1985 मध्ये ‘सामरी’ आला, तोही चष्मा लावून पाहावयाचा थ्री-डी. कथा निराळी, नाव तेच, नट तोच. सामरी पेटला होता ना, असे विचारण्याची पद्धत नाही. कारिटाला कोणी विचारते काय? मग ‘वीराना’ (1988), ‘बंद दरवाजा’ (1990) आणि 1993 पासून दूरचित्रवाणीवर ‘झी हॉरर शो’. भूत फुकटात घरी येऊ लागले, तेव्हा थिएटरातले ओस पडू लागले.

त्याच 1993 मध्ये मराठीत ‘झपाटलेला’ निघाला. महेश कोठाऱ्यांनी कल्पना अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतली खरी, पण तात्या विंचू हा आपल्याच मातीतला वात्रट, तो घाबरवितो आणि हसवितो. दिलीप प्रभावळकर त्याचे मूळ रूप, लक्ष्मीकांत बेर्डे त्याचे सावज. बाहुला रामदास पाध्यांचा. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ आला, तोही थ्री-डी! पाध्यांकडेही रॅमसेंसारखेच सारे घर एका धंद्यात. वडील यशवंतराव शब्दभ्रमकार, रामदासांची पत्नी आणि मुलेही बाहुल्यांत रमलेली.

तुलसी 2018 मध्ये गेले, श्याम 2019 मध्ये, गंगू 2024 मध्ये. माझे वडील त्यांच्याही पूर्वी गेले. त्या रात्री मी त्यांना म्हणालो होतो, “वाईट होता.” कंदील खाली ठेवीत ते म्हणाले, “मग उद्या मला गोष्ट सांग.”