गाठ कोण तपासणार? : वर्ग, संगणक आणि कामावरचं शिक्षण

कर्मचाऱ्यांना शिकवायचं तर वर्ग भरवायचा की संगणकासमोर बसवायचं, हा वाद आज बहुतेक कार्यालयांत चालतो. आपल्याला तो नवा वाटतो. पण मागे जाऊन दोन प्रयोग बघितले, की वादाचा मुद्दाच बदलतो.

पहिला प्रयोग 1940 सालच्या अमेरिकेतला. युरोपात युद्ध पेटलेलं होतं. कारखान्यांना एकदम माणसं हवी होती, आणि येणारी बरीचशी माणसं नवखी होती. तेव्हा सरकारनं ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना काढली. तिचा भर कारखान्यातल्या मुकादमांवर होता : शिकवावं कसं, हे आधी त्यांना शिकवायचं. साधारण दहा जणांचा गट आणि दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एवढाच अभ्यासक्रम.

पहिल्याच बैठकीत प्रशिक्षक विजेच्या वायरीला मारायची एक गाठ घ्यायचा. आधी ती नुसती तोंडी समजावायचा. समोरच्याला जमायची नाही. मग न बोलता नुसती करून दाखवायचा. तरी जमायची नाही. शेवटी टप्प्याटप्प्यानं दाखवायचा, कारण सांगायचा आणि समोरच्याच्या हातून करून घ्यायचा, तेही काय करतोय ते त्याला बोलायला लावून. आता गाठ बसायची! शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवण्यात खोट आहे, हा त्यातला धडा. 1945 पर्यंत साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी या योजनेची प्रमाणपत्रं मिळवली.

दुसरा प्रयोग 1960 सालचा. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवणारी प्रणाली उभी केली. सुरुवातीला ती एका वेळी एकाच विद्यार्थ्याला शिकवायची. पण तिचं बळ ओळखा. चाळीस जणांच्या वर्गात मागच्या बाकावरचा मान डोलावतो आणि सुटतो. इथं प्रत्येकाला उत्तर द्यावंच लागायचं. चुकलं तर यंत्र वैतागत नसे, थांबून राही. 1976 मध्ये कंट्रोल डेटा या कंपनीनं प्लेटो बाजारात आणली आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीही ती विकली. अडचण खर्चाची होती. पुढे स्वस्त छोटे संगणक आले आणि तिचं गणित बिघडलं.

आता एक गंमत बघा. 1973 मध्ये याच प्लेटोवर एकमेकांशी लिहून बोलायची सोय झाली, आणि वापरणारे तिथं गप्पा मारू लागले. संगणकावर शिकणाऱ्यालासुद्धा शेजारी विचारायला कोणीतरी लागतंच.

म्हणजे मुकादम असो की प्लेटो, दोघंही शिकणाऱ्याला काहीतरी करायला लावत आणि ते बरोबर आलं का, हे बघत. आज अनेक ठिकाणी हेच हरवलंय. ‘पुढे’ हे बटण दाबत जायचं, शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. शिवाय ‘केव्हाही शिका’ याचा व्यवहारातला अर्थ कित्येकदा ‘घरी, रात्री जेवण झाल्यावर शिका’ असा होतो. वर्गाचा वेळ मालकाच्या खात्यावर पडायचा, तो गुपचूप कामगाराच्या खात्यावर जातो. बचत दिसते ती इथून आलेली असते.

तेव्हा निवड करताना आपण साधा हिशेब मांडू. नियम वारंवार बदलतात, माणसं गावोगाव विखुरलेली आहेत, तर संगणक सोयीचा. यंत्र हाताळायचंय, चिडलेल्या ग्राहकाला सामोरं जायचंय, तर समोर माणूस हवा. पण दोन्हीकडे आधी दोन प्रश्न विचारू : शिकायला कामाच्या तासांतला वेळ दिलाय का? आणि गाठ नीट बसली की नाही, हे बघणार कोण? याची उत्तरं नसतील, तर वर्ग काय नि संगणक काय, फक्त हजेरी भरते.