पवईहून परदेशी निघालेल्यांनी 1913 चं न्यूयॉर्क नीट वाचावं

पवईत तलावाच्या काठी 1958 साली स्थापन झालेली आय.आय.टी. आहे, तिच्यापलीकडे उंच टॉवर आहेत. आणि याच पवईतली जयभीम नगर वस्ती जून 2024 मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, पाडण्यात आली. शेकडो कुटुंबं फुटपाथवर आली. अशा वस्त्यांतून एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघते, तेव्हा आपण तिला निरोप देताना काय सांगतो? "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तूही कर."

यात चूक काही नाही. पण हा इतिहास अर्धाच आहे, आणि अर्धा इतिहास आपल्या पोरांच्या खांद्यावर नुसतं ओझं ठेवतो.

पूर्ण इतिहास बघूया. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजीबाबा गेले. त्यानंतर पाच-साडेपाच महिन्यांतच, जुलैमध्ये, 22 वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. मागे रमाई होत्या आणि यशवंत अवघा सात महिन्यांचा होता. हाताशी बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. तीही फुकट नव्हती. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिलेला होता.

नव्या शहरात ते आधी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये राहिले. तिथलं जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण खोलीचा सोबती मिळाला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. म्हणजे खोली बदलणं, जेवण न रुचणं, पैशाची ओढाताण, घरची काळजी हे सगळं बाबासाहेबांच्याही वाट्याला आलं. आज पहिल्या महिन्यात परक्या शहरात रडू येणाऱ्या आमच्या बहिणीने स्वतःला कमजोर समजू नये.

पण तिथे एक गोष्ट त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. जात न विचारता शेजारी बसणारी माणसं. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की, परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. 1917 मध्ये बडोद्याला परतले, तेव्हा राहायला जागा मिळेना आणि पारशी सरायीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये माणूस असलेला माणूस बडोद्यात पुन्हा अस्पृश्य ठरला. दोष माणसात नव्हता, व्यवस्थेत होता.

या मोकळेपणाचं त्यांनी काय केलं, हे महत्त्वाचं. त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6 अभ्यासक्रम घेतले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, हे 25 वर्षांच्या विद्यार्थ्याने जगापुढे मांडलं. त्यांनी परदेशाकडे पळवाट म्हणून पाहिलं नाही. दूर उभं राहून आपल्या समाजाकडे बघण्याची जागा म्हणून ते परदेश वापरत होते.

आता मुद्द्यावर येऊ. 2022 मध्ये केंद्र सरकारने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत बदल केला आणि भारताची संस्कृती, वारसा, इतिहास व समाज यांवरचे अभ्यासविषय शिष्यवृत्तीतून वगळले. मित्रांनो, विचार करा. हा नियम 1913 मध्ये असता, तर भारतातल्या जातींवर संशोधन करू पाहणाऱ्या भीमरावांचा अर्ज कुठल्या टोपलीत गेला असता? भारतात राहून इथलं संशोधन करा, असं सांगणं सोपं आहे. पण सेमिनारमध्ये निर्भयपणे बोलायला जी समान खुर्ची लागते, ती इथे किती जणांना मिळते?

म्हणून आम्ही म्हणतो, अठरा तासांची गोष्ट जरूर सांगा, पण तिच्याबरोबर शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची, मित्राची आणि मागे राहून झळ सोसणाऱ्या रमाईचीही सांगा. एकट्याच्या जिद्दीवर इतिहास घडत नाही. पोरांना मेहनत शिकवू, आणि त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी, विषय निवडण्याच्या हक्कासाठी रस्त्यावरही उतरू. आणि जो जाईल त्याला एवढंच सांगू, आल्यावर वस्तीत ये, काय पाहिलंस ते सांग.

जयभीम!